माहुताचेही ऐकावे : किशोरवयातील नैराश्य, औषध आणि आपली श्रद्धा

आपल्या अभ्यासवर्गांत पालक एक प्रश्न वारंवार विचारतात. तो बहुतेक वेळा वर्ग संपल्यावर, सगळे उठून गेल्यावर, हळू आवाजात विचारला जातो. "मुलाला मनाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करायला सांगितली आहे. वय अवघे सोळा. आमच्या घरात रोज नामस्मरण आहे, गीतापाठ आहे. तरी हे का झाले? आणि ही गोळी दिली तर आमची श्रद्धा कमी पडली असे होईल का?"

या प्रश्नात भीती, अपराधी भाव आणि मुलावरचे प्रेम एकत्र आलेले असते. म्हणून त्याला घाईचे उत्तर देणे योग्य नाही. "काही होत नाही, जप वाढवा" हे घाईचे उत्तर आहे. "डॉक्टर सांगतील ते निमूट करा" हेही तितकेच घाईचे आहे. या लेखात आपण हा विषय क्रमाने समजून घेऊ. तो समजून घेण्यासाठी एक गाव सोयीचे आहे, ते म्हणजे कोलकाता.

१. एस्प्लनेडच्या आसपास

कोलकात्यात एस्प्लनेड, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले धर्मतला, हा शहराचा मोठा चौक आहे. भारतातली पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी इथूनच भवानीपूरपर्यंत धावली. या चौकाच्या पूर्वेस बहूबाजार आहे, जिथे सोन्याचांदीची दुकाने आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातून निघून देशभर सोने गाळण्याचा व्यवसाय करणारी आपली गलाई मंडळी अशा पेठांतून पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. उत्तरेस थोड्याच अंतरावर १८३५ साली स्थापन झालेले कोलकाता मेडिकल कॉलेज आणि स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन आहे. आणखी उत्तरेला गेले की श्यामपुकुर, जिथे श्रीरामकृष्ण परमहंस १८८५ मध्ये आजारपणात राहिले होते.

मनाच्या आजारावर औषध ही गोष्ट पूर्णपणे परदेशातून आली असा आपला समज असतो. तो खरा नाही. या कथेचे एक महत्त्वाचे पान याच शहरात लिहिले गेले.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे फार पूर्वीपासून माहीत होती. बिहारकडच्या भागात तिला लोक 'पागल की दवा' असेच म्हणत. १९३१ साली कोलकात्याचे कविराज गणनाथ सेन आणि डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख प्रसिद्ध केला. सर्पगंधेने उन्मादाचे रुग्ण शांत होतात आणि चढलेला रक्तदाब उतरतो, असे त्यात नोंदवले होते. एक आयुर्वेदाचे पंडित आणि एक पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर यांनी हे काम बरोबर केले, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीचा अभ्यास केला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये उदासी दिसल्याच्या नोंदी होऊ लागल्या. ती उदासी कितपत औषधामुळेच होती यावर नंतर बराच वाद झाला. पण १९५५ मध्ये अमेरिकेत असे आढळले की रेसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचा साठा घटतो. मनाची स्थिती आणि मेंदूतील ही द्रव्ये यांचा काही संबंध असावा, या विचाराला त्यातून मोठी चालना मिळाली. त्याच दशकात इमिप्रामिन हे नैराश्यावरील औषध आले आणि १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. आज डॉक्टर किशोरवयीन मुलांना जी गोळी बहुधा प्रथम देतात ती हीच.

या इतिहासातून साधकाने दोन गोष्टी घ्याव्यात. मनासाठी औषध घेणे आपल्या परंपरेला परके नाही, ही पहिली. वनस्पती आहे म्हणून ती निरुपद्रवी असते असे नाही, ही दुसरी. सर्पगंधा आपल्याच मातीतली, तरीही तिचा परिणाम जपूनच पाहावा लागला. म्हणून मुलाला घरगुती किंवा आयुर्वेदिक काढे, चूर्णे चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे.

२. अर्जुनाचा विषाद आणि आजार

गीतेचा पहिला अध्याय विषादाचा आहे. अर्जुनाचे हात थरथरतात, तोंडाला कोरड पडते, धनुष्य गळून पडते. म्हणून काही जण म्हणतात, "नैराश्य म्हणजे अर्जुनाचा विषादच. गीता ऐकली की जाईल." हे बोलणे सद्भावनेचे असते, पण पुरेसे अचूक नाही.

अर्जुन शोकात आहे, तरी तो प्रश्न विचारतो आहे. तो ऐकू शकतो, उलट प्रश्न करू शकतो, अठरा अध्याय एकाग्र राहू शकतो. नैराश्याच्या आजारात नेमकी हीच शक्ती क्षीण होते. पुस्तकातली एक ओळ चार वेळा वाचूनही कळत नाही. आवडते गाणे ऐकले तरी काही वाटत नाही. अशा मुलापुढे उत्तम उपदेश ठेवला तरी तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मग मुलाला वाटते, 'मला गीतेनेही फरक पडत नाही, म्हणजे मीच वाईट आहे.' उपदेशाने त्याच्या मनावरचे ओझे आणखी वाढते.

किशोरवयात हा आजार ओळखणे अवघड असते, कारण तो नेहमी रडण्याच्या रूपात येत नाही. चिडचिड, दार लावून बसणे, मित्र सोडणे, झोप उलटी होणे, भूक जाणे किंवा खूप वाढणे, अभ्यासातील घसरण, सतत डोके किंवा पोट दुखणे, 'मी काही कामाचा नाही' असे बोलणे, ही चिन्हे असतात. ती जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक काळ दिसत असतील तर तपासणी करून घ्यावी. परीक्षेनंतरची दोन दिवसांची उदासी वेगळी आणि ही वेगळी. थायरॉईड किंवा रक्तातील कमतरता यांमुळेही असेच दिसू शकते, म्हणून डॉक्टर शरीराचीही तपासणी करतात.

हे फक्त आपल्याच घरात झाले आहे असे समजू नये. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात मानसिक आजारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले. वर्गात पन्नास मुले असतील तर तीन-चार मुले.

३. चरकाचे तीन उपाय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र, प्रार्थना, व्रत, उपासना यांचा आधार. युक्तिव्यपाश्रय म्हणजे विचारपूर्वक योजलेले औषध आणि आहार. सत्त्वावजय म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरून स्थिर करणे. चरकाने हे तीन प्रकार शेजारी शेजारी ठेवले आहेत. एक घेतला की दुसरा पाप ठरतो असे तो सांगत नाही.

आजच्या भाषेत सत्त्वावजयाच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे मानसोपचार, समुपदेशन. विचारांची चुकीची वळणे ओळखायची, ती बदलण्याचा सराव करायचा आणि छोट्या छोट्या कृतींनी दिवस पुन्हा उभा करायचा, अशी ही पद्धत असते.

आता आधुनिक संशोधन काय सांगते ते पाहू. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या, मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४३९ मुलामुलींचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर स्पष्ट सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण असे होते : औषध आणि मानसोपचार दोन्ही मिळालेल्या गटात ७१ टक्के, फक्त फ्लुओक्सेटिन मिळालेल्या गटात सुमारे ६१ टक्के, फक्त मानसोपचार मिळालेल्या गटात सुमारे ४३ टक्के आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी मिळालेल्या गटात सुमारे ३५ टक्के.

हे आकडे नीट वाचले तर चार गोष्टी दिसतात. दोन्ही उपाय मिळून सर्वांत जास्त उपयोग झाला. औषधाने तीव्र आजारात लवकर उठवले. मानसोपचाराची चाल संथ होती, पण तो मागे राहिला नाही. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तीनही उपचारगटांत ८० टक्क्यांहून अधिक मुले सुधारली होती. आणि नुसती काळजी, नियमित भेट आणि आशा यांनीही तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांना बरे वाटले. प्रेमळ लक्षाची ताकद किती असते हे यावरून कळते, आणि फक्त त्यावर विसंबले तर किती मुले मागे राहतात हेही कळते.

त्याच वेळी औषधांचा अतिरेक करण्यालाही इथे आधार नाही. २०१६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ३४ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. त्यात १४ औषधे तपासली होती. मुले आणि किशोरवयीन यांच्यात फक्त फ्लुओक्सेटिनच नकली गोळीपेक्षा निश्चितपणे अधिक उपयोगी असल्याचे दिसले. मोठ्यांना लागू पडणारी बरीच औषधे या वयात तशी लागू पडत नाहीत. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात की सौम्य नैराश्यात सुरुवातीला औषध देऊच नये, आणि मध्यम किंवा तीव्र आजारात ते मानसोपचाराच्या जोडीने द्यावे. म्हणजे 'बारावीचे वर्ष आहे, जरा गोळी द्या, अभ्यास होईल' ही मागणीही चुकीची आहे. औषध हे आजारासाठी आहे, गुण वाढवण्यासाठी नाही.

४. २००४ ची सूचना आणि काचेचे दार

पालकांना सर्वांत जास्त घाबरवणारी गोष्ट ते मोबाईलवर वाचतात : 'या गोळ्यांनी मुलांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात.' यातले खरे किती?

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नैराश्यावरील औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतली सूचना छापायला लावली. मुले आणि किशोरवयीन यांच्यावरील २४ चाचण्यांत, ४,४०० हून अधिक रुग्णांत, असे विचार किंवा तसे वर्तन औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांत आणि नकली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २ टक्क्यांत दिसले. त्या चाचण्यांत एकाही मुलाने जीव गमावला नाही. २००७ मध्ये ही सूचना २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवण्यात आली.

ही सूचना लपवू नये आणि तिने गोठूनही जाऊ नये. तिचा अर्थ 'देऊ नका' असा नाही. 'देताना डोळे उघडे ठेवा, विशेषतः पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलताना' असा तिचा अर्थ आहे. काही मुलांमध्ये सुरुवातीला अस्वस्थता, निद्रानाश, चिडखोरपणा वाढतो. मन अजून जड असते, पण हालचालीची शक्ती आधी परत येते. हाच काळ जपायचा असतो. शिवाय उपचारच न केलेल्या तीव्र नैराश्याचा धोकाही काही लहान नाही. पालकांना धोका आणि निर्धोक अशी निवड मिळतच नाही. एक धोका नजरेखाली ठेवता येतो, दुसरा नजरेआड वाढत जातो, आणि यांतून एक निवडायचा असतो.

एस्प्लनेड स्थानकावर जुनी मार्गिका आहे, आणि हुगळी नदीखालून हावड्याला जाणारी नवी मार्गिकाही आहे. ही नवी मार्गिका मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. नव्या मार्गिकेच्या फलाटावर काचेची दारे आहेत. गाडी येऊन पूर्ण थांबली की मगच ती उघडतात. ते दार कोणाचा प्रवास अडवत नाही, फक्त धोक्याच्या क्षणापुरते मध्ये उभे राहते. औषधाच्या पहिल्या आठवड्यांत घराने असेच उभे राहायचे असते.

व्यवहारात ते असे करता येते.

औषधाची पाकिटे मुलाच्या खोलीत ठेवू नयेत. घरातील एका मोठ्या माणसाने ती कुलपात ठेवून रोजची गोळी स्वतः द्यावी. आजीआजोबांची झोपेची, रक्तदाबाची औषधेही आवरून ठेवावीत.

पहिले सहा आठवडे रोज थोडा वेळ मुलाजवळ बसावे. तपासनिसासारखे नव्हे, तर चहा पिताना बसतो तसे. झोप, भूक, अस्वस्थता यांची दोन ओळींची नोंद ठेवावी आणि भेटीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी.

एकाएकी फार चिडखोरपणा, रात्र रात्र जागरण, येरझाऱ्या, किंवा उलट अचानक अमाप उत्साह, मोठमोठे बेत, झोपेची गरजच न वाटणे असे दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. घरात कोणाला उन्माद-नैराश्याचा आजार असेल तर ते औषध सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

मूल मरणाबद्दल बोलले तर "असे बोलू नको" म्हणून विषय बंद करू नये. शांतपणे विचारावे, "तुला स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मुलाला एकटे वाटणे कमी होते. त्याला एकटे सोडू नये आणि तत्काळ मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क, मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे.

गोळीचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये. बरे वाटले म्हणूनही एकदम सोडू नये. बरे वाटल्यानंतरही सहसा सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, झोप बिघडणे असा त्रास होतो आणि आजार उलटण्याची शक्यता वाढते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. शेजारच्या मुलाची उरलेली गोळी आपल्या मुलाला देऊ नये.

५. हत्ती नारायण, माहूत नारायण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औषध घेतले तर श्रद्धा कमी पडली का?

श्रीरामकृष्ण एक गोष्ट सांगत. एका गुरूंनी शिष्यांना शिकवले की सर्वांच्या ठायी नारायण आहे. एक शिष्य लाकडे आणायला रानात गेला. समोरून पिसाळलेला हत्ती आला. वर बसलेला माहूत ओरडत होता, बाजूला व्हा. शिष्याने विचार केला, हत्तीही नारायणच, मग पळायचे कशाला? तो हात जोडून उभा राहिला. हत्तीने त्याला सोंडेने उचलून फेकले. शुद्धीवर आल्यावर गुरूंनी त्याला समजावले की बाळा, हत्ती नारायण होता हे खरे, पण माहूतही नारायणच होता. त्याचे का ऐकले नाहीस?

आपल्या घरात आजार आला की आपण म्हणतो, ही ईश्वरेच्छा. मग डॉक्टरांच्या रूपाने जो सावध करतो, त्याच्या मुखाने कोण बोलत असते? आजारात ईश्वरेच्छा पाहायची आणि उपचारात पाहायची नाही, हा श्रद्धेतला दोष आहे.

श्रीरामकृष्णांच्या स्वतःच्या जीवनातही हे दिसते. दक्षिणेश्वरी साधनेच्या काळात त्यांची अवस्था पाहून मथुरबाबूंनी कविराज गंगाप्रसाद सेन यांच्याकडून त्यांच्यावर उपचार करवले. पुढे १८८५ मध्ये घशाच्या आजारात डॉ. महेंद्रलाल सरकार त्यांच्यावर उपचार करत. हे तेच महेंद्रलाल, ज्यांनी १८७६ मध्ये विज्ञानाच्या संशोधनासाठी कोलकात्यात संस्था उभारली. अवतार वगैरे गोष्टी त्यांना पटत नसत आणि ते तसे तोंडावर बोलून दाखवत. तरी त्यांचे औषध तिथे घेतले जाई आणि त्यांच्याशी तासन्तास प्रेमाने संवाद होई. डॉक्टर आपल्या पंथाचा असला पाहिजे, अशी अट तिथे नव्हती.

याच शहरात १९३३ मध्ये डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी कारमायकेल मेडिकल कॉलेजात, म्हणजे आजच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजात, सर्वसाधारण रुग्णालयातला देशातील पहिला मानसोपचार विभाग सुरू केला. मनाचा रुग्ण कुठे दूर कोंडून न ठेवता इतर रुग्णांसारखा रांगेत उभा राहू शकतो, हे त्यातून ठरले. हेच गिरींद्रशेखर गीता, पुराणे आणि योगसूत्रे यांचेही अभ्यासक होते. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया यांनी १९६० च्या दशकात पतंजलीच्या योगसूत्रांवरून एक उपचारपद्धती बांधली आणि ती रुग्णालयात, नोंदी ठेवून तपासून पाहिली. शास्त्र आणि साधना यांचे भांडण आहे, असे या माणसांनी मानले नाही.

६. एका घराचे चित्र

बहूबाजारात राहणारे असे एक मराठी घर डोळ्यांसमोर आणू. वडील सोने गाळण्याच्या कामात, आई घर सांभाळणारी, मुलगा अकरावीत. तीन महिने तो कोमेजत गेला. डॉक्टरांनी तपासून समुपदेशन आणि गोळी दोन्ही सांगितले. गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले आहेत. रविवारी सत्संगातले एक ज्येष्ठ घरी येतात. आई विचारते, "काका, ह्याचा जप मध्यंतरी सुटला होता. म्हणून तर असे झाले नसेल ना?"

या क्षणी काका काय म्हणतात यावर बरेच अवलंबून आहे. ते म्हणाले, "गोळ्या सोडा, मी एक मंत्र देतो," तर मुलगा दोन दिवसांत गोळी बंद करील, कारण त्याला ती नकोच आहे. आणि आईच्या मनातला अपराधी भाव कायमचा पक्का होईल.

ते असेही म्हणू शकतात, "वहिनी, जप सुटला म्हणून आजार आला नाही. आजार आला म्हणून जप सुटला. ताप आलेल्या मुलाला आपण सूर्यनमस्कार घालायला सांगतो का? गोळी वेळेवर द्या. जप तुम्ही त्याच्याजवळ बसून करा, त्याला वाटले तर तो ऐकेल." मग मुलाकडे वळून, "बाळा, तुझी साधना आत्ता एवढीच. सकाळी उठायचे, तोंड धुवायचे, बाबांबरोबर मैदानापर्यंत चालून यायचे."

दुसऱ्या उत्तरात श्रद्धा कमी नाही. तिथे श्रद्धेने आजारी मुलाच्या ताकदीचा अंदाज घेतला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याचे आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण प्रमाणात असावे असे सांगितले आहे. आजारातून उठणाऱ्या मुलासाठी हाच योग पहिला. या काळात उपवास, दीर्घ मौन, तासन्तास ध्यान मुलावर लादू नये. मन काळवंडलेले असताना एकांतात बसले की तेच ते विचार घुमत राहतात. त्यापेक्षा मिळून भजन, थोडी सेवा, झाडांना पाणी, ऊन आणि चालणे बरे.

७. शिबिरे आणि वर्ग चालवणाऱ्यांसाठी

कार्यकर्त्यांवर मोठी जबाबदारी असते, कारण मुले आणि पालक त्यांचा शब्द मानतात. म्हणून काही मर्यादा पाळाव्यात. कोणाचेही औषध बंद करण्याचा किंवा बदलण्याचा सल्ला देऊ नये, तो आपला अधिकार नाही. निवासी शिबिरात मूल औषध घेत असेल तर पालकांकडून त्याची माहिती घेऊन गोळ्या वेळेवर मिळतील अशी सोय करावी आणि ही माहिती गुप्त ठेवावी. 'साधनेने औषधे सुटली' अशा अनुभवकथनांना व्यासपीठ देताना विचार करावा. समोर बसलेले एखादे मूल ते ऐकून घरी जाऊन काय करील हे आपल्याला दिसत नसते. आणि प्रार्थनेने सर्व बरे होते असे आश्वासन देऊ नये. प्रार्थनेने धीर मिळतो, एकटेपणा कमी होतो, वाट पाहण्याचे बळ येते. हे पुष्कळ आहे, आणि खरे आहे.

औषधाबद्दलही आपले बोलणे खरे असावे. 'मेंदूतले एक रसायन कमी झाले आहे, गोळीने ते भरून निघेल' हे सोपे स्पष्टीकरण आज शास्त्रज्ञांना पुरेसे वाटत नाही. नैराश्यामागे अनुवंश, घरातील ताण, शाळेतील छळ, अपयश, झोप, मोबाईल, अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. गोळी घेतल्यावर मूल उभे राहू शकते, पण घरातली रोजची भांडणे गोळीने मिटत नाहीत. मुलाची इतरांशी तुलना करण्याची आपली सवयही गोळीने जात नाही. ते काम आपले आहे, आणि तीच आपली साधना आहे.

चिंतनासाठी

१. आपल्या ओळखीतील एखादे मूल अलीकडे गप्प झाले आहे का? त्याच्याशी शेवटचे निवांत बोलणे कधी झाले?

२. शरीराच्या आजारात आपण औषध लगेच घेतो. मनाच्या आजारात संकोच का वाटतो? त्या संकोचात श्रद्धा किती आणि 'लोक काय म्हणतील' किती?

३. चरकाने सांगितलेल्या तीन उपायांपैकी आपल्या घरात कोणता सहज स्वीकारला जातो आणि कोणता टाळला जातो?

या आठवड्याचा संकल्प असा करू : घरातील औषधांचा डबा आवरून कुलपात ठेवू, १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवू आणि एका तरुण मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर, काहीही न शिकवता, अर्धा तास बसू.

हे प्रभो, हत्तीच्या रूपात तू समोर आलास तर आम्हाला धीर दे. माहुताच्या रूपात हाक मारलीस तर ऐकण्याची बुद्धी दे. आणि आमची मुले अंधारात असतील तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्याइतका वेळ आम्हाला दे.